जुनी ताडपत्री आणि पाण्याचा थेंब

वस्तू नवी असताना तिचे कौतुक कोणीही करतो. ती जुनी झाल्यावर तिची निगा जो राखतो, त्याचाच संसार नेटका होतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी अशी एक जुनी वस्तू बहुधा कोठ्याच्या कोपऱ्यात घडी घालून पडलेली असते. ती म्हणजे ताडपत्री. पावसाळा आला की तिची आठवण होते, पावसाळा सरला की ती विसरली जाते. वास्तविक पाहता तिची खरी कसोटी आपल्याकडे हिवाळ्यात लागते. ही जुनी ताडपत्री हिवाळ्यापूर्वी पुन्हा जलरोधक कशी करावी, आणि तसे करताना पाणी व कापड यांच्यामध्ये नेमके काय घडते, याचा विचार विद्यार्थ्यांनी व त्यांच्या घरच्या मंडळींनी करावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास काळ्या जमिनीतील बोंडे फुटतात, वेचणी सुरू होते आणि अंगणाअंगणांतून पांढऱ्या कापसाचे ढीग दिसू लागतात. बेला, जैनथ, तांसी, तलमडुगू या भागांतून बंड्या, ट्रॅक्टर व टेम्पो आदिलाबादच्या बाजाराकडे निघतात, आणि आपला क्रमांक येईपर्यंत कित्येकदा रात्र उघड्यावर काढतात. याच दिवसांत आपल्याकडे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, पहाटे दव पडते, आणि बंगालच्या उपसागरात वादळ उठले तर अवकाळी पाऊसही येतो. अशा वेळी वर्षभराच्या श्रमांचे फळ आणि आकाश यांच्यामध्ये केवळ एक कापड असते.

त्या कापडाची किंमत किती, हे साध्या गणिताने कळते. भारतीय कापूस महामंडळ आधारभूत किमतीने कापूस घेते तेव्हा आठ टक्के ओलावा प्रमाण मानला जातो. त्यापुढे बारा टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते, आणि बारा टक्क्यांवर गेलेला कापूस घेतला जात नाही. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला 7,521 रुपये होती. आठाचा ओलावा बारा झाला, तर क्विंटलमागे सुमारे तीनशे रुपये गेले. तीस क्विंटलांच्या खेपेत नऊ हजार रुपये गेले. मापाच्या यंत्राला शेतकऱ्याचे कष्ट दिसत नाहीत, त्याला केवळ ओलावा दिसतो. म्हणून ताडपत्रीचे एक भोक हा क्षुल्लक विषय नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कापड म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांची वीण. त्या विणीत हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. मग छिद्रे असलेले कापड पाणी अडविते तरी कसे? चाळणीत पाणी राहत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु बारीक तारेची चाळणी वितळलेल्या मेणात बुडवून झटकली, तिची भोके मोकळी राहतील अशी काळजी घेतली, आणि मग तिच्यात कागद ठेवून त्यावर हलकेच पाणी ओतले, तर कागद काढून घेतल्यावरही ते पाणी चाळणीत राहते! इंग्लंडमधील शास्त्रज्ञ सी. व्ही. बॉइज यांनी 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या साबणाच्या फुग्यांवरील आपल्या पुस्तकात हा प्रयोग मुलांसाठी वर्णिला आहे. भोके बुजलेली नसतात, तरी पाणी गळत नाही. याचा अर्थ असा की, पाणी अडविण्यासाठी प्रत्येक छिद्र बुजवावेच लागते असे नाही. छिद्राच्या कडेला पाण्याविषयी अप्रीती असली म्हणजे पुरते.

ही प्रीती-अप्रीती म्हणजे काय? पाण्याचे रेणू एकमेकांस ओढून धरतात. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर जणू ताणलेला पडदा असल्यासारखे वर्तन दिसते; यालाच पृष्ठताण म्हणतात. पाण्याला ज्या पदार्थाची ओढ वाटते त्यावर ते पसरते. ज्याची ओढ वाटत नाही त्यावर ते गोळा होऊन थेंबाच्या रूपात राहते. 'अळवावरचे पाणी' हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुरतेसाठी वापरतो, परंतु त्यात पदार्थविज्ञानही आहे. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर मेणचट द्रव्याचा थर असतो व तो थर अतिसूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो. थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो, पानाला चिकटत नाही, आणि घरंगळताना धूळही घेऊन जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहुइस यांनी 1997 मध्ये कमळाच्या पानाचा हा गुण सविस्तर मांडला. आपल्या आजीने अळूचे पान धुताना तो त्यापूर्वीच कितीतरी वेळा पाहिला असेल.

कापूस स्वतः पाण्याचा मित्र की शत्रू? याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतःच काढावे. शेतातून आणलेल्या कापसाचा सरकी काढलेला एक पुंजका आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या कापसाचा तेवढाच पुंजका, असे दोन्ही पाण्याने भरलेल्या भांड्यात अलगद सोडावे. शेतातील कापूस बराच वेळ तरंगत राहील. दुकानातील कापूस पाणी पिऊन लवकरच बुडेल. दोन्ही कापूसच, मग हा भेद का? कापसाच्या तंतूत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजला पाण्याची मोठी ओढ असते. परंतु निसर्गाने तंतूवर मेणाचा अगदी पातळ लेप दिलेला असतो. वजनाने तो जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी भरतो. औषधी कापूस क्षारात उकळून त्याचे हे मेण काढून टाकलेले असते. एवढ्याशा मेणाने तरणे आणि बुडणे हा फरक पडतो. जुनी ताडपत्री सुधारणे म्हणजे काळाने हिरावून नेलेला हाच लेप कापडाला परत देणे होय.

मनुष्याने हे फार पूर्वी ओळखले. 'ताडपत्री' हा शब्द उच्चारला की आपणांस ताडाचे पान ऐकू येते. इंग्रजीतील 'टार्पॉलिन' या शब्दात डांबर ऐकू येते, कारण त्या देशांचे खलाशी जाड कापडाला डांबर फासून जहाजावरील माल झाकीत. कोणी कापडाला जवसाचे तेल देत, कोणी मेण देत. स्कॉटलंडमधील चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि पावसाळी कोटाचा जन्म झाला. आम्हां कोकणी माणसांच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून त्यांवर नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप घालण्याची रीत आहे. सुती जाळ्यांच्या काळात कोळी बांधव ती जाळी ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत, म्हणजे ती लवकर कुजत नसत. हाच ऐन आपल्या आदिलाबादच्या रानातही उभा आहे.

आता ताडपत्री जुनी होते म्हणजे तिचे काय होते, ते पाहू. तिचे चार वैरी आहेत. पहिला वैरी ऊन. सूर्याचे अतिनील किरण तंतूंच्या लांब साखळ्या तोडतात. कापड वरून धड दिसते, पण धाग्यात जीव राहत नाही. दुसरा वैरी मळ. धूळ, धूर, पक्ष्यांची विष्ठा व तेलाचे डाग लेपावर बसतात आणि पाण्याला आत शिरण्यास वाट करून देतात. तिसरा वैरी घडी. दरवेळी त्याच रेषेवर घडी घातली की लेप तेथे भेगाळतो आणि धागा तेथेच झिजतो. चौथा व सर्वांत कपटी वैरी म्हणजे बुरशी. ओली ताडपत्री घडी घालून ठेवली की काही दिवसांत काळे-हिरवे ठिपके दिसतात व कुबट वास येतो. बुरशी कापडावर केवळ बसत नाही, ती कापड खाते.

या बुरशीची एक विलक्षण कथा आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरातील दमट बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू व पट्टे पाहता पाहता कुजू लागले. कारण शोधण्यासाठी अनेक बुरशींचे नमुने गोळा करण्यात आले. सॉलोमन द्वीपमालिकेतील बूगनव्हिल बेटावरून आलेली एक बुरशी सेल्युलोज पचविण्यात फार निष्णात निघाली. तिचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एल्विन रीस यांच्या नावावरून पुढे तिला 'ट्रायकोडर्मा रीसी' असे नाव मिळाले. ज्या पाचक द्रव्यांनी तिने तंबू खाल्ले, तीच द्रव्ये आज कापड उद्योगात आणि काडीकचऱ्यापासून मद्यार्क-इंधन करण्याच्या कामी वापरली जातात. आपले शेतकरी बियाण्याला जी ट्रायकोडर्माची भुकटी चोळतात, ती याच कुळातील. शत्रूची पुरती ओळख झाली की त्याच्याकडूनही काम करून घेता येते, हे येथे दिसून येते.

तेव्हा औषध देण्यापूर्वी रोग्याची परीक्षा केली पाहिजे. पावसाळा संपल्यावर, वेचणीची घाई सुरू होण्यापूर्वी, जे कडक उन्हाचे दिवस येतात ते या कामास उत्तम. ताडपत्री कोरड्या जागी पसरून मऊ झाडूने दोन्ही अंगांनी झाडावी. फार मळली असेल तर साध्या पाण्याने धुवावी. धुण्याची आधुनिक पावडर वापरू नये, कारण तिचा अंश कापडात राहिला तर पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि कापड अधिकच भिजू लागते. कुबट वास असेल तर चांगले ऊन द्यावे. त्यानंतर पुढील तीन परीक्षा कराव्या.

पहिली परीक्षा प्रकाशाची. दोघांनी ताडपत्री उभी धरावी व तिसऱ्याने सावलीच्या बाजूने पाहावे. जेथे प्रकाशाचा ठिपका दिसेल तेथे खडूने खूण करावी. दुसरी परीक्षा बळाची. घडीच्या रेषेवर आणि ज्या भागाला सर्वांत अधिक ऊन लागले असेल तेथे, कापड दोन्ही अंगठ्यांत धरून नेटाने ओढावे. धागे तटतट तुटले तर ते कापड मेले, असे समजावे. त्याला कितीही मेण-तुरटी दिली तरी ती व्यर्थ होय. कुजक्या धाग्याला बळ देणारे औषध नाही. अशा ताडपत्रीतील धड भाग कापून ठिगळांसाठी ठेवावा. तिसरी परीक्षा थेंबाची. ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाकून थोडा वेळ वाट पाहावी. थेंब गोल राहिला तर लेप शाबूत आहे. पसरून काळसर डाग पडला तर लेप गेला आहे. शंका असेल तेथे कापडाची झोळी करून तीत तांब्याभर पाणी रात्रभर ठेवावे. सकाळी झोळीचे बूड नुसते दमट लागले तर फारशी चिंता नाही. खाली ठेवलेल्या परातीत थेंब पडले असतील तर उपचार आवश्यक आहे.

परीक्षेनंतर शिवण. ठिगळाचे कापड मूळ कापडाइतकेच जाड असावे, आणि ते आधी भिजवून वाळविलेले असावे. नवे कोरे कापड पहिल्याच पावसात आटते व शिवण ओढली जाते. ठिगळ भोकापेक्षा चारही बाजूंनी तीन-चार बोटे मोठे घ्यावे, त्याच्या कडा आत दुमडाव्या आणि दाभणाने जाड सुती दोऱ्याने दुहेरी टाके घालावे. दोरा सुतीच का? कारण सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईचे भोक स्वतःच भरून काढतो. प्लास्टिकचा दोरा बळकट असला तरी फुगत नाही. शिवण्यापूर्वी दोरा मधमाश्यांच्या मेणावर ओढून घ्यावा, व शिवून झाल्यावर सर्व टाक्यांवर मेणाचा खडा घासावा. दोरी ओवण्याच्या रिंगा निसटल्या असतील तर तेथे कापडाची दुहेरी पट्टी लावून मगच नव्या रिंगा बसवाव्या.

आता मुख्य उपचार. जुन्या सुती ताडपत्रीसाठी साबण-तुरटीची कृती स्वस्त, सुरक्षित व आपल्या गावात सहज होण्याजोगी आहे. प्रमाण असे: दर लिटर पाण्यास 60 ग्रॅम धुण्याचा साधा साबण किसून घालावा, वेगळ्या भांड्यात दर लिटर पाण्यास 60 ग्रॅम तुरटी विरघळवावी. चार मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे वीस चौरस मीटरांच्या ताडपत्रीला प्रत्येकी सुमारे दहा लिटर द्रावण लागेल. अर्थात 600 ग्रॅम साबण आणि 600 ग्रॅम तुरटी. साबणाचे पाणी गरम असतानाच मोठ्या ब्रशाने कापडात मुरवावे. कापड अर्धवट वाळले की त्यावर तुरटीचे कोमट पाणी तसेच मुरवावे. नंतर ताडपत्री उन्हात पूर्ण वाळवावी, एकदा स्वच्छ पाण्याने हलकेच विसळावी आणि पुन्हा वाळवावी. वर पांढरी पूड दिसली तर ती झाडून टाकावी.

यात घडते काय? आपल्या बऱ्याच विहिरींचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा चोथा होतो, हे सर्व गृहिणींस ठाऊक आहे. पाण्यातील चुन्याचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा साबण तयार होतो, तोच हा चोथा. तुरटीत ॲल्युमिनियम असते. तेही साबणाशी संयोग पावून न विरघळणारा, मेणचट असा ॲल्युमिनियमचा साबण बनविते. धुण्याच्या वेळी जो चोथा आपला वैरी, तोच येथे धाग्याधाग्यावर बसून पाण्याला परतवितो. यावरून दोन नियम निघतात. एक, साबण विरघळविण्यासाठी पावसाचे साठविलेले पाणी किंवा हलके पाणी घ्यावे, नाहीतर साबण भांड्यातच फुकट जाईल. दोन, साबण खराच साबण असावा; डिटर्जंटच्या वडीने हे कार्य होत नाही.

हा लेप आयुष्यभर टिकत नाही. पावसाने व घासण्याने तो हळूहळू जातो, म्हणून दरवर्षी थेंबाची परीक्षा करून गरजेप्रमाणे तो पुन्हा द्यावा. ज्या जागी पाण्याचा मारा अधिक, म्हणजे मधला कणा, घडीच्या रेषा व शिवणी, तेथे वरून मेणाचा हात द्यावा. मेण वितळविताना त्याचे भांडे थेट जाळावर न ठेवता उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवावे. मेण साठ-पासष्ट अंशांच्या आसपास वितळते, त्याला त्याहून अधिक उष्णता लागत नाही. टर्पेंटाइनमध्ये मेण कालविण्याची रीत आहे, पण त्याची वाफ पेट घेते. ते काम उघड्यावर, विस्तव व विडीकाडीपासून दूर, वडील माणसांनीच करावे. विद्यार्थ्यांनी त्यात हात घालू नये.

जवसाच्या तेलाविषयी मात्र विशेष सावधगिरी सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. ते तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून ते पाणी चांगले अडविते. पण काही वर्षांत कापड कडक होऊन तडकते. त्याहून मोठा धोका असा की, प्राणवायू शोषताना उष्णता निर्माण होते. तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर ती उष्णता आत कोंडते, आणि कोणी काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. कापसाच्या ढिगाजवळ असे घडले तर काय होईल, हे सांगावयास नको. कापूस झाकण्याच्या ताडपत्रीला हे तेल न लावणेच शहाणपणाचे.

बाजारात तयार फवारेही मिळतात. ते घेताना डब्यावरील मजकूर वाचावा. कापडावरून पाणी व तेल दोन्ही घरंगळावे म्हणून फ्लोरिनयुक्त रसायने अनेक वर्षे वापरली गेली. ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत, असे आढळून आले. त्यांपैकी पीएफओएस हे 2009 मध्ये व पीएफओए हे 2019 मध्ये स्टॉकहोम कराराच्या सूचीत घालण्यात आले. आपल्या कापसासाठी तुरटी व मेण पुरेसे असताना पैनगंगेच्या पाण्यात असली रसायने सोडण्याचे कारण नाही.

येथे कोणी विचारील की, आता प्लास्टिकच्या निळ्या-चंदेरी ताडपत्र्या स्वस्त मिळतात, मग हा खटाटोप कशाला? प्लास्टिकची ताडपत्री हलकी असते, कुजत नाही व पाणी पुरते अडविते, हे खरे. परंतु ती श्वास घेत नाही. तीस अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे तीस ग्रॅम वाफ मावते. दहा अंशांच्या हवेत ती साडेनऊ ग्रॅमही मावत नाही. दुपारी उबदार व दमट कापूस प्लास्टिकखाली गच्च बांधला, की पहाटे हवा गार होताच जास्तीची वाफ प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते आणि कापसावरच ठिबकते. बाहेर पाऊस नाही, ताडपत्रीला भोक नाही, तरी वरचा कापूस ओला! सुती कापडातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण वाफ बाहेर जाते. हाच तिचा मोठेपणा. ज्यांच्याकडे प्लास्टिकचीच ताडपत्री आहे त्यांनी ढिगावर बांबू आडवे टाकून मध्ये हवेला वाट ठेवावी आणि दव उडाल्यावर ती काही वेळ उघडावी. साबण-तुरटीचा तिला उपयोग नाही. फाटले तर ठिगळ चिकटवावे, आणि उन्हाने भुगा होऊ लागली तर ती बदलावी, कारण तिचे तुकडे शेतात मिसळतात व कापसातही येतात.

नदीचे पाणी उतरल्यावर जी नाव काठावर ओढून ठेवतात, तिच्या आच्छादनालाही हेच नियम लागू पडतात. किंबहुना तेथे ते अधिक स्पष्ट दिसतात. नावेवर कापड सपाट ताणले तर मध्ये झोळ पडतो व त्यात पाणी साठते. एक चौरस मीटर जागेत पाच सेंटिमीटर पाणी साठले, तर त्याचे वजन पन्नास किलो होते. एवढ्या भाराने चांगली शिवणही उसवते. म्हणून नावेच्या लांबीभर मधोमध एक बांबू उंच बांधून कापडाला घराच्या छपरासारखा दोन्हीकडे उतार द्यावा. दोन्ही टोके किंचित उघडी ठेवावी, नाहीतर आतल्या दमटपणाने लाकूड कुजेल. काठाच्या धारेवर कापड घासत असेल तेथे गोणपाटाची घडी ठेवावी. कोकणातील झापांचा उपयोग नेमका हाच: उतारावरून पाणी जाते, फटीतून वारा जातो.

आणखी एक लहानशी सूचना. पाऊस पडत असताना सुती आच्छादनाला आतून बोट किंवा माल टेकू देऊ नये. टेकलेल्या जागी छिद्रातील पाणी बोटाला भेटते, तेथून वाट सापडते, आणि मग बोट काढले तरी ठिबकणे चालूच राहते. ज्यांनी सुती तंबूत मुक्काम केला आहे त्या बालवीरांस याचा अनुभव असेल.

हंगाम संपल्यावर ताडपत्री ओढत नेऊ नये, दोघांनी उचलावी. दोन्ही बाजू पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नये. दरवेळी घडीची रेषा बदलावी, किंवा बांबूवर गुंडाळूनच ठेवावी. उंदरांपासून वाचविण्यासाठी ती आढ्याला टांगणे उत्तम. धान्याच्या पोत्यांजवळ तर ती मुळीच ठेवू नये.

सारांश, जुनी ताडपत्री सुधारण्याची रीत चार शब्दांत सांगता येते: पाहणे, शिवणे, लेप देणे, वाळविणे. यांतील शेवटचा शब्द सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक विसरला जाणारा. विद्यार्थ्यांनी सुट्टीच्या दिवशी वडिलांसह आपल्या घरची ताडपत्री उलगडावी, तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकावे आणि ते गोल राहतात की पसरतात, एवढे प्रथम पाहावे. पुस्तकातील पृष्ठताण व केशाकर्षण हे शब्द परीक्षेत गुण मिळवून देतील यात शंका नाही. पण तेच ज्ञान घरच्या कापसाचा ओलावा बाराचा आठावर ठेवू शकले, तर त्या विद्येचे सार्थक झाले, असे आम्हांस वाटते.